बॅरोनेट म्हणजे कोण? वारसाने चालणाऱ्या ‘सर’ची गोष्ट

ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस ब्रिटनचे राजे तिसरे चार्ल्स यांनी धाकटे भाऊ अँड्र्यू यांच्या पदव्या काढून घेण्याचं जाहीर केलं आणि ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ हे नाव उमरावांच्या अधिकृत यादीतून वगळलं गेलं. त्याच्या वर्षभर आधी, सप्टेंबर २०२४ मध्ये, तिथल्या सरकारने लॉर्ड्स सभागृहातल्या वंशपरंपरागत उमरावांच्या उरलेल्या ९२ जागा रद्द करण्याचं विधेयक संसदेत आणलं होतं. अशा बातम्या आल्या की ड्यूक, अर्ल, लॉर्ड, सर हे शब्द आपल्या बोलण्यात एकमेकांत मिसळतात. कुणाची पदवी जन्माने, कुणाची कर्तृत्वाने, कोण संसदेत बसतो आणि कोण नाही, हे सहसा कुणी उलगडून सांगत नाही.

यातली एक पदवी मात्र मुंबईच्या रोजच्या व्यवहारात आहे. भायखळ्याचं सर जे. जे. रुग्णालय, फोर्टमधलं सर जे. जे. कला महाविद्यालय, पेटिट आणि जहांगीर ही नावं लावलेल्या संस्था, या सगळ्यांमागे जी घराणी आहेत त्यांचा ‘सर’ बापाकडून मुलाकडे जाणारा होता. त्याच काळातले सर फिरोजशहा मेहता, सर रामकृष्ण भांडारकर, सर रतन टाटा यांचा ‘सर’ मात्र त्यांच्या मृत्यूबरोबर संपला. लिहायला शब्द एकच, पण मागे दोन वेगळ्या पदव्या आहेत. वारसाने चालणाऱ्या पदवीचं नाव बॅरोनेट. मुंबईचा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास वाचताना ही पदवी समजली नाही तर माणसांची, पिढ्यांची आणि देणग्यांची गल्लत होते. म्हणून ती नीट समजून घेऊ.

## उमरावांच्या खाली, नाइटच्या वर

ब्रिटनमध्ये उमरावांचे पाच दर्जे आहेत. वरून खाली ते असे: ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. पूर्वी उमराव म्हणजे लॉर्ड्स सभागृहातली जागा हे समीकरण होतं. १९९९ च्या कायद्याने त्यातल्या बहुतेकांची जागा गेली आणि ९२ उरल्या. वर उल्लेख केलेलं विधेयक त्यांच्याबद्दलच होतं.

बॅरोनेट या पाचांत येत नाही. नाव बॅरनसारखं असलं तरी तो उमराव नाही. त्याला लॉर्ड्स सभागृहात कधीच जागा नव्हती. कायद्याच्या दृष्टीने तो सामान्य नागरिक असतो, आणि म्हणूनच बॅरोनेट असलेली माणसं पूर्वीपासून निवडणूक लढवून कनिष्ठ सभागृहात बसत आली. त्याच्या खालची पायरी नाइटची. नाइटपद हा एका माणसाचा, त्याच्या हयातीपुरता सन्मान. गार्टर आणि थिसल या दोन अतिमानाच्या नाइटपदांचा अपवाद सोडला तर मानक्रमात बॅरोनेट नाइटच्या वर बसतो.

दोघांच्याही नावापुढे ‘सर’ लागतो. सगळ्या घोटाळ्याचं मूळ इथे आहे.

## १,०९५ पौंड, तीस शिपाई, तीन वर्षं

ही पदवी राजे पहिले जेम्स यांनी २२ मे १६११ रोजी सुरू केली. कारण पैशाचं होतं. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात इंग्रज आणि स्कॉट लोकांची वसाहत बसवायची होती, स्थानिक आयरिश लोकांना दाबून ठेवायला फौज हवी होती, आणि खजिन्यात खडखडाट होता. तेव्हा जेम्स यांनी नवी पदवी काढली आणि तिची किंमत ठरवली. तीस शिपाई, प्रत्येकाला रोज आठ पेन्स पगार, तीन वर्षं. तेव्हा एका पौंडाचे २४० पेन्स होत. तीस शिपायांचा एका दिवसाचा पगार बरोबर एक पौंड, आणि तीन वर्षांचे दिवस १,०९५. म्हणून पदवीची किंमत १,०९५ पौंड, तीन हप्त्यांत भरायची.

पैसे आहेत म्हणून कुणालाही ती मिळत नव्हती. जमिनीचं वर्षाला किमान हजार पौंड उत्पन्न हवं आणि आजोबांच्या काळापासून घराण्याचं कुलचिन्ह असायला हवं, अशा अटी होत्या. पहिली पदवी रेडग्रेव्हच्या सर निकोलस बेकन यांना मिळाली. अल्स्टरची खूण म्हणून बॅरोनेटच्या कुलचिन्हात लाल पंजा असतो, तो आजही तसाच आहे.

पुढे १६२५ मध्ये पहिल्या चार्ल्सने हाच मार्ग कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या वसाहतीसाठी वापरला. तिथल्या बॅरोनेटला तिकडची जमीनही मिळायची. पण कायद्याप्रमाणे जमिनीचा ताबा त्या जमिनीवर उभं राहूनच घ्यावा लागे आणि त्यासाठी कुणी अटलांटिक ओलांडायला तयार नव्हतं. म्हणून एडिंबरा किल्ल्यातली थोडी माती कायद्याने नोव्हा स्कोशियाची ठरवण्यात आली आणि ताब्याचा विधी तिथेच होऊ लागला. ज्या मातीवर आयरिश शेतकरी आणि कॅनडातले मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, तिच्यावर बाहेरून वस्ती लादण्यासाठी उभा केलेला पैसा हे या पदवीचं मूळ आहे. पुढे ती कितीही प्रतिष्ठित झाली तरी हे मूळ विसरता येत नाही.

## पाटीलकीच्या वतनाशी ताडून पाहिलं तर

आपल्याकडे पिढीजात हक्क म्हटलं की वतन आठवतं, आणि बॅरोनेट समजायला ते उपयोगी पडतं, कारण फरकच जास्त बोलका आहे. पाटीलकीच्या वतनात मान होता, काम होतं आणि उत्पन्नही होतं. भाऊ वेगळे झाले की वतनाच्या तक्षिमा, म्हणजे वाटण्या, पडत. गरज पडली तर अर्धी पाटीलकी विकल्याची कागदपत्रं आपल्या दप्तरांत सापडतात. बॅरोनेटची पदवी विकता येत नाही, वाटता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. ती एका वेळी एकाच माणसाकडे असते. तिच्याबरोबर काम येत नाही, अधिकार येत नाही, जमीन किंवा पैसाही आपोआप येत नाही. वारशात मिळतं ते फक्त नावापुढचं ‘सर’ आणि नावामागचं ‘बॅरोनेट’.

बाकीच्या भावांना काहीच मिळत नाही. थोरल्या मुलालाही बाप जिवंत असेपर्यंत काही नसतं. सुरुवातीच्या काळात बॅरोनेटच्या थोरल्या मुलाला एकविसाव्या वर्षी नाइटपद मागण्याचा हक्क दिलेला होता, पण चौथ्या जॉर्जने १८२७ मध्ये नव्या सनदांपुरता तो बंद केला.

## नाव कसं घ्यायचं?

इथे चांगले लिहिणारेही चुकतात. ‘सर’ हा पहिल्या नावाला लागतो, आडनावाला नाही. ‘सर जमशेटजी’ बरोबर, ‘सर जीजीभॉय’ चूक. ‘सर दिनशॉ’ बरोबर, ‘सर पेटिट’ चूक. हा नियम नाइटलाही लागू आहे. लेखनात बॅरोनेट ओळखायचा तो नावाच्या शेवटी: ‘सर दिनशॉ माणेकजी पेटिट, बॅरोनेट’. इंग्रजीत तिथे ‘बीटी’ किंवा जुन्या पद्धतीने ‘बार्ट’ अशी दोन-चार अक्षरांची खूण असते. कोनशिलेवर किंवा जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ती दिसली तर समजावं की हा ‘सर’ पुढच्या पिढीत जाणार होता.

बॅरोनेटच्या पत्नीला ‘लेडी’ म्हणतात आणि तिथे उलट आडनाव येतं: लेडी पेटिट, लेडी जीजीभॉय. नाइटच्या पत्नीलाही तेच. म्हणजे ‘लेडी’ या शब्दावरून नवऱ्याची पदवी कोणती ते कळत नाही. मार्गारेट थॅचर १९९२ मध्ये स्वतःच्या हक्काने लॉर्ड्स सभागृहाच्या सदस्य झाल्या, पण त्याआधीच त्या नवऱ्याच्या पदवीमुळे ‘लेडी थॅचर’ म्हणवून घेऊ शकत होत्या. त्यांचे पती डेनिस थॅचर यांना १९९० मध्ये बॅरोनेट केलं गेलं. १९६४ नंतर दिली गेलेली ती पहिलीच बॅरोनेटची पदवी आणि आजवरची शेवटची. डेनिस २००३ मध्ये वारले आणि त्यांचा मुलगा मार्क दुसरा बॅरोनेट झाला. नवी पदवी आता जवळपास कुणाला मिळत नाही, पण जुन्या हजाराहून अधिक पदव्या अजून चालू आहेत.

## वारस ठरतो कसा?

प्रत्येक पदवीची सनद असते आणि वारसाचा नियम त्या सनदेत लिहिलेला असतो. बहुतेक सनदांत शब्द असतात ते ‘देहापासून झालेले पुरुष वारस’ या अर्थाचे. यातल्या प्रत्येक शब्दाला वजन आहे.

‘देहापासून झालेले’ म्हणजे ज्याला पहिल्यांदा पदवी मिळाली त्याच्या रक्ताची संतती. दत्तक मुलगा चालत नाही. आपल्या हिंदू कायद्यात दत्तकाला औरस पुत्राचा दर्जा आहे, आणि १८४८ मध्ये कंपनी सरकारने साताऱ्याच्या छत्रपतींचा दत्तक नाकारून राज्य खालसा केलं तेव्हा आपल्या लोकांना तो उघड अन्याय वाटला, कारण तो होताच. इंग्लंडच्या पदव्यांच्या कायद्यात दत्तकाला आजही जागा नाही. तसंच, मूल रीतसर विवाहातून झालेलं हवं.

‘पुरुष वारस’ म्हणजे मुलगी नाही. मुलगा नसेल तर पदवी मागे जाऊन भावाकडे, पुतण्याकडे, चुलत घराण्याकडे जाते, पण तेही मूळ पदवीधराचे वंशज असतील तरच. असं कुणी उरलं नाही की पदवी संपते. सासून घराण्याचं उदाहरण मुंबईकरांना जवळचं आहे. सासून डॉक बांधणाऱ्या अल्बर्ट सासून यांना १८९० मध्ये ही पदवी मिळाली. त्यांचे नातू फिलिप सासून ब्रिटनच्या राजकारणात मोठ्या पदांवर गेले, १९३९ मध्ये अविवाहित वारले, आणि तिसऱ्याच पिढीत पदवी संपली.

कधीकधी सनदेतच वेगळी सोय केलेली असते. काळ्या घोड्याजवळचं निळं कनेसेथ एलियाहू सिनेगॉग ज्यांनी बांधवलं त्या जेकब सासून यांना १९०९ मध्ये बॅरोनेट केलं, तेव्हाच लिहून ठेवलं होतं की मुलगा नसल्यास पदवी धाकट्या भावाकडे, एडवर्डकडे जावी. एरवी भावाला ती मिळाली नसती, कारण भाऊ हा काही त्यांच्या देहापासून झालेला वारस नव्हे. एडवर्डनंतर ती शांघायमध्ये प्रचंड मालमत्ता उभी करणाऱ्या व्हिक्टर सासूनकडे आली आणि १९६१ मध्ये तीही संपली.

## जमशेटजींच्या घरातली अडचण

जमशेटजी जीजीभॉय यांचा जन्म १७८३ चा. चीनशी अफू आणि कापसाचा व्यापार करून त्यांनी संपत्ती मिळवली. ही गोष्ट त्यांच्या दानशूरपणाबरोबरच सांगायला हवी, कारण त्या अफूची झळ सोसणारी माणसंही खरी होती. १८४२ मध्ये ते नाइट झाले, हा मान मिळालेले पहिले भारतीय. १८५७ मध्ये ते बॅरोनेट झाले, तेही पहिलेच भारतीय. म्हणजे १८४५ मध्ये रुग्णालय सुरू झालं तेव्हाचा त्यांचा ‘सर’ हयातीपुरता होता आणि बारा वर्षांनी तोच ‘सर’ वारसाने जाणारा झाला. नाव लिहिण्यात ‘बॅरोनेट’ या एका शब्दाची भर पडली, एवढंच.

पण पारशी समाजात तेव्हा आजच्यासारखी स्थिर आडनावं रूढ नव्हती. मुलाच्या नावानंतर बापाचं नाव लागे. जमशेटजींचा थोरला मुलगा कर्सेटजी, म्हणजे पुढचा बॅरोनेट ‘सर कर्सेटजी जमशेटजी’. त्याच्या पुढच्या पिढीत ‘जमशेटजी’ही गेलं असतं, आणि ज्या नावासाठी ही पदवी मिळाली ते दोन पिढ्यांत पुसलं गेलं असतं. दुसरी अडचण पैशाची. इंग्लंडमध्ये थोरल्याकडे जमीनजुमला एकत्र ठेवण्याची रीत होती, इथे वाटणी होणार. पदवी एकाकडे आणि संपत्ती विखुरलेली, अशाने पदवीची शान राहणार नाही, अशी भीती होती.

यावर कलकत्त्याच्या विधिमंडळाने १८६० साली या एका कुटुंबापुरता कायदा केला. वर्षाला एक लाख रुपये उत्पन्न देणारे सरकारी रोखे आणि माझगाव कॅसल हा वाडा पदवीशी बांधून टाकण्यात आला. जो बॅरोनेट होईल त्याला त्याचा उपभोग, पण विकण्याचा हक्क नाही. आणि प्रत्येक वारसाने स्वतःचं नाव बाजूला ठेवून ‘जमशेटजी जीजीभॉय’ हेच नाव घ्यायचं. त्याप्रमाणे कर्सेटजी दुसरे सर जमशेटजी झाले, माणेकजी तिसरे, कावसजी चौथे, रुस्तमजी पाचवे.

जुनी वर्तमानपत्रं, ट्रस्टची कागदपत्रं किंवा काँग्रेसच्या आरंभीच्या काळातल्या सभांची वर्णनं वाचणाऱ्याने हे कायम ध्यानात ठेवावं. १८५९ मध्ये वारलेले सर जमशेटजी जीजीभॉय १८८० च्या सभेचे अध्यक्ष कसे, असा प्रश्न पडला तर उत्तर हे आहे: ते नातू आहेत. पेटिट घराण्यातही तसंच झालं. गिरणीमालक दिनशॉ माणेकजी पेटिट १८९० मध्ये बॅरोनेट झाले आणि १९०१ मध्ये त्यांचे नातू जीजीभॉय हे ‘सर दिनशॉ’ या नावाने दुसरे बॅरोनेट झाले. ज्यांची मुलगी रत्नबाई १९१८ मध्ये महंमद अली जिनांशी विवाहबद्ध झाली ते सर दिनशॉ हे दुसरे. अनेक ठिकाणी आजोबा आणि नातू यांना एकच समजून लिहिलेलं आढळतं. अहमदाबादचे चिनुभाई माधवलाल रणछोडलाल १९१३ मध्ये बॅरोनेट झाले, हिंदू कुटुंबातली ही पहिली पदवी. त्यांचा मुलगा गिरिजाप्रसाद लहान वयातच दुसरा ‘सर चिनुभाई’ झाला.

## लग्न ग्राह्य कोणतं?

‘रीतसर विवाह’ हे दोन शब्द भारतीयांच्या बाबतीत किती अडचणीचे ठरू शकतात, हे एका उमरावपदाच्या खटल्यात दिसलं. वारसाचं तत्त्व तेच, म्हणून तो इथे सांगतो. सत्येंद्र प्रसन्न सिन्हा हे १९१५ च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष. १९१९ मध्ये ते भारतमंत्र्यांचे उपमंत्री झाले आणि त्यांना ‘बॅरन सिन्हा ऑफ रायपूर’ केलं गेलं. हे रायपूर बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातलं, छत्तीसगडमधलं नाही. वंशपरंपरागत उमराव झालेले ते एकमेव भारतीय.

ते १९२८ मध्ये वारले, पण मुलाचा हक्क मान्य व्हायला १९३९ उजाडलं. हिंदू पद्धतीच्या विवाहात त्या काळी पुरुषाला दुसरी बायको करण्याची मुभा होती. सिन्हांनी दुसरं लग्न केलं नव्हतं, पण मुभा होती एवढ्यावरून हा विवाह इंग्रज कायद्याला ‘रीतसर’ मानता येईल का, असा प्रश्न लॉर्ड्स सभागृहाच्या समितीपुढे आला. मुलाच्या जन्माआधीच कुटुंब ब्राह्मो समाजात गेलं होतं आणि तिथे एकपत्नीत्व बंधनकारक होतं, हे दाखवल्यावर हक्क मान्य झाला. एका सज्जन कुटुंबाला आईवडिलांचं लग्न परक्या समितीपुढे सिद्ध करावं लागलं. हे वाचताना आजही वाईट वाटतं.

## आणि रक्त कुणाचं?

नियम रक्ताचा असेल तर रक्त तपासता येतं. स्कॉटलंडच्या स्टिचिल इथल्या प्रिंगल घराण्याची बॅरोनेटची पदवी १६८३ ची. तिचे दहावे धारक, नौदलाच्या मरीन दलाचे निवृत्त सेनानी सर स्ट्युअर्ट प्रिंगल, २०१३ मध्ये वारले. घराण्याच्या इतिहासाच्या शोधासाठी त्यांनी पूर्वी डीएनए दिला होता. तो चुलत शाखेच्या डीएनएशी जुळेना. त्यांचे वडील, म्हणजे नववे बॅरोनेट, हे आठव्या बॅरोनेटचे पुत्र नव्हते असा निष्कर्ष निघत होता. दोन पिढ्यांनी पदवी प्रामाणिकपणे सांभाळली होती, कुणालाच याची कल्पना नव्हती.

राणी एलिझाबेथ यांनी हा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीकडे सोपवला. टिळकांनी ताईमहाराज प्रकरणातलं दत्तकविधान १९१५ मध्ये ज्या न्यायपीठाकडून वैध ठरवून घेतलं, तेच हे न्यायपीठ. इतक्या वर्षांनी जुनी प्रकरणं उकरू नयेत, नाहीतर कुठलाच वारसा सुरक्षित राहणार नाही, असा एका बाजूचा युक्तिवाद होता. जून २०१६ मध्ये समितीने सांगितलं की डीएनएचा पुरावा अडवायला कायद्यात आधार नाही. पदवी सर स्ट्युअर्ट यांच्या मुलाऐवजी चुलत शाखेकडे गेली.

असे वाद सोडवण्यासाठी नोंदवही आहे. १९१० च्या राजाज्ञेने बॅरोनेटांची अधिकृत यादी सुरू झाली. वारसाने जन्माचे आणि लग्नाचे पुरावे देऊन यादीत नाव घालून घ्यायचं. यादीत नाव नसेल तर सरकारी कागदोपत्री त्याला बॅरोनेट म्हटलं जात नाही, मग घरात कितीही जुनी सनद असो.

## ‘म्हणजे पदवी विकतच मिळते ना?’

सुरुवात तशीच झाली आणि पुढेही तो डाग पुन्हा लागला. पहिल्या महायुद्धानंतर पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या काळात पक्षनिधीसाठी पदव्या विकल्या जात. नाइटपदाला दहा हजार पौंड आणि बॅरोनेटला तीस हजारांच्या आसपास, असा भाव बोलला जाई. त्यावरून इतका गदारोळ झाला की १९२५ मध्ये पदव्यांची विक्री हा गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला. त्याखाली शिक्षा झालेला एकच माणूस, मध्यस्थ मॉन्डी ग्रेगरी, १९३३ मध्ये.

मुंबईच्या बॅरोनेटांबद्दल हा आक्षेप तसाच्या तसा लावणं मला पटत नाही. ब्रिटिश सरकारला निष्ठावान श्रीमंत वर्ग हवा होता आणि पदवी हे त्यासाठीचं साधन होतं, हे खरं. पण ज्यांना ती मिळाली त्यांचा पैसा कुठल्या पक्षाच्या तिजोरीत गेला नाही. तो रुग्णालयांत, शाळांत, पुण्याच्या पाणीपुरवठ्यात गेला. माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये खुला झाला तो जमशेटजींच्या पत्नी लेडी अवाबाई यांच्या देणगीतून. पदवी नवऱ्याला, रस्ता बाईंच्या पैशातून. ‘लेडी जमशेटजी रोड’ हे नाव घेताना निदान एवढं तरी आठवावं.

## ‘नको असेल तर सोडता येते का? काढून घेता येते का?’

उमरावपद सोडण्याची सोय १९६३ च्या कायद्याने झाली. बॅरोनेटसाठी तशी सोय नाही. पण वापरायचीच, अशी सक्तीही नाही. मजूर पक्षाचे खासदार टॅम डॅलिएल यांच्याकडे १९७२ मध्ये आईकडून जुनी स्कॉटिश बॅरोनेटची पदवी आली. त्यांनी ती कधीही वापरली नाही. रवींद्रनाथांनी १९१९ मध्ये जालियनवाला बागेच्या निषेधात ज्या पदवीतून मुक्त करा असं कळवलं, ते नाइटपद होतं.

काढून घेणं याहून कठीण. अँड्र्यू यांच्या बाबतीत राजांनी नाव यादीतून काढलं, त्यामुळे सरकारी कामकाजातून पदवी गेली. पण सनदेने दिलेलं वंशपरंपरागत पद मुळातून रद्द करायचं तर संसदेचा कायदा लागतो.

## ‘मुलींना का नाही?’

डॅलिएल यांच्याकडे पदवी आईकडून आली, कारण स्कॉटलंडच्या काही जुन्या सनदांत स्त्री वारसांची वाट मोकळी आहे. अशा स्त्रिया इतिहासात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या झाल्या. बाकी सगळीकडे मुलगी वगळलेली. २०१३ च्या कायद्याने ब्रिटनच्या राजगादीच्या वारशात मुलगा आणि मुलगी समान झाले. गादीला जे लागू केलं ते बॅरोनेटच्या पदवीला अजून लागू नाही. पाच बहिणींच्या पाठीवर जन्मलेला भाऊ असेल तर पदवी त्याची, तो नसेल तर कधी न पाहिलेल्या दूरच्या चुलत भावाची. हे चूक आहे आणि परंपरा या शब्दाने त्याचं समर्थन होत नाही.

## ‘आपल्या घटनेत हे बसतं का?’

आपल्या घटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने लष्करी आणि विद्याविषयक पदव्या सोडून राज्याने कोणताही किताब देण्यावर बंदी घातली, आणि भारतीय नागरिकाने परक्या राष्ट्राकडून किताब स्वीकारण्यावरही. पद्म पुरस्कार हे किताब नाहीत आणि ते नावाच्या आधी किंवा नंतर लावता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या डिसेंबरमध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे आज इथे नव्याने कुणी बॅरोनेट होण्याचा प्रश्न नाही. जुन्या घराण्यांतल्या पदव्या लंडनच्या सनदांनुसार चालू असल्या तरी भारतात त्यांच्यामुळे कसलाही हक्क मिळत नाही.

## एक नाव, तीन माणसं

हे सगळं प्रत्यक्षात लावून पाहायचं असेल तर फोर्टमध्ये थोडं चालावं. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाला ज्यांचं नाव आहे ते सर कावसजी जहांगीर रेडीमनी, जन्म १८१२, मृत्यू १८७८. ते १८७२ मध्ये नाइट झाले. त्यांना मूल नव्हतं, म्हणून त्यांनी पुतण्याला दत्तक घेतलं. त्यांची पदवी हयातीपुरतीच होती. ती वंशपरंपरागत असती तरीही या दत्तक मुलाला मिळाली नसती. त्या मुलाने, जहांगीर यांनी, स्वतःच्या कामावर आधी नाइटपद आणि मग १९०८ मध्ये बॅरोनेटची पदवी मिळवली आणि ‘सर कावसजी जहांगीर’ हे नाव घेतलं. रीगलच्या चौकातल्या ज्या इमारतीत आज राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे ते सभागृह या पहिल्या बॅरोनेटच्या नावाचं. त्यांचे पुत्र, १८७९ मध्ये जन्मलेले दुसरे बॅरोनेट, तेही सर कावसजी जहांगीर. काळ्या घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये उभी राहिली ती यांच्या देणगीतून, आणि तिला नाव आहे ते त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाचं.